ब्रेक दाबण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं

मोठा अपघात झाला की दोन दिवस तेच ऐकू येतं. ब्रेक लागले नाहीत, टायर फुटला, कुणीतरी अचानक आडवं आलं, वेळच आली होती. मला आता हे ऐकवत नाही. टायर फुटतात, रस्ते वाईट असतात, सगळं खरं. पण नुसता पत्रा चेपणार की माणूस जाणार, हे बहुतेक वेळा गाडीच्या वेगावर ठरतं, आणि तो वेग चालवणाऱ्याने आधीच निवडलेला असतो.

जरा हिशेब करून बघा. कोरड्या रस्त्यावर दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्यात, एक ताशी ८० किलोमीटरने, दुसरी १०० ने. समोर अडथळा दिसला आणि दोघांनी एकाच क्षणी करकचून ब्रेक दाबले. ८० वाली अगदी टेकता टेकता थांबली असं धरा. १०० वाली त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ६५-७० असतो! पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सेकंदभर जातो आणि तेवढ्यात ती २८ मीटर पुढे गेलेली असते. एवढा धोका पत्करून ४० किलोमीटरमागे वाचतात ६ मिनिटं.

झोपेचं तर याहून वाईट. काच खाली करायची, गाणी मोठ्याने लावायची, तोंडावर पाणी मारायचं आणि 'आता आलंच की' म्हणत गाडी रेटायची. अशाने झोप टळत नाही. ९० च्या वेगात ३ सेकंदांची डुलकी लागली की ७५ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. (गाडी बाजूला घेऊन थोडं झोपणं यात कसला आलाय कमीपणा?)

आणि मागे बसणाऱ्यांनो, पट्टा तुम्हालाही लागतो. धडकेत गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या पाठीवर जाऊन आदळता.

जगात दरवर्षी सुमारे १२ लाख माणसं रस्त्यावर जीव गमावतात. ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं हे पहिलं कारण आहे. म्हणजे आपलीच पोरं.

फोनचं मात्र घरच्यांनीही मनावर घ्यायला हवं. चालकाचा फोन वाजतो तो बऱ्याचदा 'कुठवर आलास?' विचारायला. समोरचा गाडी चालवतोय हे कळलं की मी बोलणं तिथेच तोडतो. कुणाला राग आला तर येऊ दे.