दाजींची मधमाशी

आमच्या दाजींनी यंदा करडईच्या बांधावर मधपेट्या मांडल्या आणि लगेच मला फोन केला. "दहा सेकंदांचा व्हिडिओ करून दे, स्टेटसला ठेवायचाय. माशी उडत आली, फुलावर बसली, खाली माझा नंबर. झालं!" बहिणीच्या नवऱ्याला बिल लावायची रीत आमच्या परभणीकडं नाही.

आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे चित्रं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पंख हलवणं तसं सोपं. पंखाचा लेयर, म्हणजे चित्राचा सुटा थर, थ्रीडी करायचा, वाय रोटेशनला (उभ्या अक्षाभोवती फिरण्याला) दोन कीफ्रेम द्यायच्या, म्हणजे पंखाच्या दोन टोकांच्या स्थिती, पुढं लूपआउट पिंगपाँगचं एक्स्प्रेशन, की पंख त्या दोहोंत जात-येत राहतो. पण लेयरचा अँकर पॉइंट, म्हणजे तो ज्याभोवती फिरतो तो बिंदू, मुळात मधोमध असतो. तो पंखाच्या बुडाशी सरकवला नाही, तर पंख दुकानापुढच्या लोंबत्या पाटीसारखा जागच्या जागी गिरक्या घेतो. त्यात माशीला पंख चार. बरं, पेरेंटिंग, म्हणजे एक लेयर दुसऱ्याच्या मागं बांधणं, निसर्गानंच करून ठेवलंय: मागच्या पंखाच्या कडेला बारीक आकड्यांची रांग असते, ती पुढच्या पंखात अडकली की दोन्ही मिळून हलतात. मीही मागचा पुढच्याला पेरेंट केला आणि व्हिडिओ पाठवला.

"पंख हलना गेलेत रे. तिला कुणीतरी दोरीनं ओढायलंय. जोरात कर."

आता जोरात म्हणजे किती? मधमाशी सेकंदाला २३०च्या आसपास वेळा पंख मारते. माझ्या व्हिडिओत सेकंदाला फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, २५. एक फ्रेम वर, एक खाली असं धरलं तरी बारा फडफडींपुढं गाडी जात नाही. हट्टानं २२५ दिले, तर दोन फ्रेमच्या मधे पंखाच्या बरोब्बर नऊ फेऱ्या पुऱ्या होतात, म्हणजे दर फ्रेमला तो जिथल्या तिथं. एवढा कष्टाळू जीव, माझ्या स्क्रीनवर पंख पसरून निवांत तरंगायला लागला.

हे सगळं दाजींना समजावलं. "पंचवीस पुरेनात तर अडीचशे टाक की! खर्चाची काळजी करू नको."

मग मोशन ब्लर, म्हणजे वेगानं हलणारं धूसर दाखवायची सोय, लावला. (रेंडर, म्हणजे पक्का व्हिडिओ बनणं, संपत आलं अन् लाईट गेली, हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको.) पंखांचा नुसता धूसर पट्टा उमटला, खऱ्या माशीचा दिसतो तसाच. दाजी म्हणाले, "पंख गेले कुठं?"

शेवटी वैतागून खाली गुणगुण टाकली. माशीचा आवाज म्हणजे तिच्या पंखांचाच वेग, तोच २३० हर्ट्झच्या आसपासचा सूर. पंखाची एक कीफ्रेम हलवली नाही, ब्लरही तोच.

"हां! आता कसे भरभर हलायलेत! पहिल्यापासून सांगायलो न तुला, जोरात कर म्हणून."