ओटा धुणाऱ्यांच्या घरात प्लाय : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ठाणेकर,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगायचं तर आधी रागच आला. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली, तेव्हा कळलं की दोन ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंय. म्हणून 'धन्यवाद, विचार करतो' एवढ्यावर भागवत नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. 'सिंकखाली लाकूड नको' या लेखात मी म्हटलं होतं की आपल्या स्वयंपाकघरात निदान सिंकखालचा कप्पा तरी कडप्प्याचा करा. भुसा दाबून केलेला बोर्ड नको, प्लायही शक्यतो नको. त्यावर ठाणेकरांचं म्हणणं असं : कडप्पा हे आजीच्या काळाचं कौतुक आहे, तो जड असतो आणि त्यात झुरळं होतात. मॉड्युलर किचन कारखान्यात मापात बनतं, घर बदललं तर नेताही येतं. मरीन प्लायबद्दल, म्हणजे ओलाव्याच्या जागेसाठी बनवलेल्या प्लायबद्दल, मी चुकीचं लिहिलं. आणि शेवटी : 'दगडवाल्याकडून तुम्हाला कमिशन मिळत असणार.'

मरीन प्लायचं आधी, कारण तिथे चूक माझीच. 'अगदी प्लायच हवा तर मरीन घ्या, त्याला पाण्याने काही होत नाही' असं मी ठोकून दिलं होतं. ते तसं नाही. आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) प्लाय 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, पण ती परीक्षा मुख्यतः थर धरून ठेवणाऱ्या गोंदाची असते. थर सुटले नाहीत म्हणजे लाकूड पाणी पीतच नाही, असा अर्थ होत नाही. शिवाय तुकडा कापल्यावर उघडी पडलेली कड आणि स्क्रूची भोकं यांच्याबद्दल शीटवरचा शिक्का काहीच बोलत नाही. सुताराने कड सील केली नाही तर पाणी तिथूनच शिरतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण यातून तुम्ही 'म्हणजे सगळं सारखंच' असा निष्कर्ष काढलात, तो मला मान्य नाही.

माझ्या आईला ओटा 'पुसणं' माहीत नाही, ती ओटा धुते. रात्रीची जेवणं झाली की शेगडी उचलून बाजूला, दोन तांबे पाणी, घासणी आणि मग वायपरने सगळं सिंककडे. यातलं थोडं पाणी दर वेळी ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेवरून खाली उतरतं. कडेच्या खालून बारीक खाच मारलेली असली तर ते थेंब तिथेच तुटून जमिनीवर पडतात. नसली तर दगडाच्या पोटाला चिकटून सरळ शटरच्या माथ्यावर येतात. सकाळी फरशी पुसली जाते, तेव्हा ओलं फडकं कपाटाखालच्या पट्टीला, स्कर्टिंगला, लागतंच. सणावाराला तर घर धुऊनच निघतं. कॅटलॉगमधलं किचन ओल्या स्पंजने पुसणाऱ्यांसाठी आखलेलं असतं. आपण ते उचलून धुणाऱ्यांच्या घरात बसवतो आणि फुगलं की सुताराला शिव्या देतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या पहिल्या फ्लॅटमधलं किचन मीच आखलेलं होतं. नुकता डिप्लोमा झालेला, अंगात मस्ती. पांढरी चकचकीत शटरं, आत प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड. दोन पावसाळे छान गेले. तिसऱ्या वर्षी सिंकखालचं दार खाली घासायला लागलं. बिजागरी सैल झाली असेल म्हणून स्क्रू आवळायला गेलो, तर स्क्रू नुसताच फिरत राहिला. टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलो. तळाच्या फळीवर आईने घातलेला वर्तमानपत्राचा कागद होता, वरून कोरडा. तो उचलला तर खाली सनमायका पापडासारखा उठलेला. अंगठ्याने दाबला तर आत भुगा, ओल्या बिस्किटासारखा. सिंकखालच्या नळीतल्या बॉटल ट्रॅपच्या नटातून मिनिटाला एखादा थेंब पडत होता, बस. धो धो गळती असती तर पहिल्याच दिवशी कळली असती.

त्यात ज्याने काम केलं त्याचा दोष थोडा आणि माझा जास्त. आराखड्यात तिथे 'बोर्ड' लिहिणारा मीच होतो.

आता जडपणाचं. हिशेब करून पाहू. 20 मिमी जाडीचा कडप्पा चौरस फुटाला साधारण 5 किलो. ओट्याखालची एक उभी फळी 2 बाय अडीच फूट, म्हणजे 25 किलो. दहा फुटी ओट्याला अशा पाच लागल्या तर सव्वाशे किलो. घरगुती खोल्यांसाठी स्लॅबवर चौरस मीटरला सुमारे 200 किलोचा वापरभार गृहीत धरलेला असतो, आणि हे सव्वाशे किलो दहा फुटांत विभागलेले आहेत. दोन धट्टीकट्टी माणसं ओट्याशी उभी राहून पुरणपोळ्या करतात, त्याहून ही गोष्ट फार मोठी नाही. आणि मी तर फक्त सिंकखालच्या दोन फळ्यांबद्दल बोलत होतो.

झुरळांबद्दल मात्र शंभर टक्के कबूल. गवंडी कडप्पा उभा करतो, मागे भिंतीशी बोटभर फट सोडतो आणि सिमेंट 'नंतर' भरू म्हणतो. ते नंतर कधी येत नाही. त्या फटीत झुरळांच्या पिढ्या नांदतात. उपाय साधा आहे : साइटवर स्वतः उभं राहून सगळे सांधे भरून घ्या, सिंकजवळ तरी इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा पाणी न पिणारा मसाला. त्यावर ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं लावा. आणि एक गोष्ट मी लेखात लिहायला हवी होती. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, शहाबादी आणि कोटा फरशीसारखा. लिंबू, चिंच, आमसुलाचं पाणी पडलं की डाग कायमचा. म्हणून वर ग्रॅनाइट, खाली कडप्पा.

'आजीचं कौतुक' या शब्दांवर थोडं थांबतो. भिंतीला राजस्थानी झरोका आणि कोपऱ्यात पितळी घंगाळ ठेवून त्याला 'समकालीन भारतीय' म्हणणं मलाही सहन होत नाही. पण एखाद्या चालत्या हॉटेलच्या भटारखान्यात जाऊन पाहा. तिथे आजी नसते, नफातोटा असतो. स्टीलची टेबलं उघड्या पायांवर, खाली कोटा, त्याला उतार आणि कोपऱ्यात नहाणी ट्रॅप. लाकडाचा तुकडा सापडणार नाही. जिथे रोज पाणी मारायचं तिथे पाण्याला वाट ठेवायची, एवढंच त्यांना कळतं. जुन्या घरांत मोरी होती ती याच हिशेबाने.

मॉड्युलरला माझा सरसकट विरोध नाही. भिंतीवरची कपाटं, धान्याच्या ट्रॉल्या, उंच पँट्री, तिथे कारखान्याची सफाई सुताराला साइटवर जमत नाही, हे तुमचं बरोबर. फक्त स्टीलच्या ट्रॉल्या घेताना दुकानदार लोहचुंबक लावून 'बघा, चिकटत नाही, 304 आहे' म्हणेल, त्याला भुलू नका. 304 आणि 202 हे स्टेनलेस स्टीलचे दोन दर्जे, आणि 202 लाही चुंबक सहसा चिकटत नाही. 202 मध्ये निकेल कमी असतं आणि दमट, मिठाच्या हवेत तोच आधी गंजतो. बिलावर 304 लिहून घ्या. आणि 'घर बदललं तर नेता येतं' याबद्दल म्हणाल, तर मी तीन किचन हलवली आहेत. बोर्डात एकदा बसलेला स्क्रू काढून त्याच भोकात पुन्हा तसाच धरत नाही. शिवाय नव्या घरातली भिंत चार इंच आखूड निघते.

कमिशन. आमच्या धंद्यात ते आहे, खोटं कशाला बोलू? प्लाय, हार्डवेअर, लॅमिनेट, सगळीकडे 'सरांचे टक्के' काढून ठेवलेले असतात. मी माझी फी वेगळी घेतो आणि बिल थेट ग्राहकाच्या नावाने करायला लावतो. पण विचार करा, टक्केच खायचे असते तर मी दोन फळ्या कडप्प्याचा प्रचार केला असता की दोन लाखांच्या शटरांचा?

तुमचं किचन चार वर्षांचं आहे म्हणालात. तोडू नका. सिंकखालची फक्त तळाची फळी काढून तिथे कडप्प्याचा तुकडा बसवता येतो, प्लंबर आणि गवंडी मिळून एका दिवसाचं काम. प्लायचं स्कर्टिंग काढून पीव्हीसीचं क्लिपवालं लावा. त्याआधी या रविवारी आतले डबे बाहेर काढा, कागद उचला, टॉर्च मारा आणि फळीच्या मागच्या कोपऱ्यात अंगठा दाबून पाहा. टणक लागली तर इथेच खाली लिहा, मी जाहीरपणे माघार घेईन.