छातीचा घेर म्हणजे मधला घेर नव्हे

सागाच्या झाडात लाकूड किती घनमीटर भरेल हे काढण्यावरच्या लेखात सल्ला आहे: 'छातीच्या उंचीवरचा घेर घ्या, त्याच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणा'. तो खानापूरकडच्या सागवानवाल्यांचा हिशेब फुगवेल. ते सूत्र ओंडक्याच्या मधल्या घेरासाठी आहे. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, घेर १२० सेंटिमीटर, मध्यावर १०० आणि लांबी ८ मीटर धरा: लेखाच्या रीतीने ०.७२ घनमीटर, मधल्या घेराने ०.५०. खरं घनफळ साधारण ०.६४, कारण घेराच्या चौथाईच्या सूत्रात साडेएकवीस टक्के आधीच कापले जातात (घेणाऱ्याच्या सोयीचं!).

शिवाय सागाचा बुंधा खाचाळ असला की टेप खाचांवरून ताणली जाते, घेर जास्त भरतो. खाचा संपतात तिथे वर मोजा, पण तिथे रंगाचा पट्टा मारा. नाहीतर पुढच्या वर्षी टेप हातभर खाली लागते आणि झाड 'वाढलेलं' दिसतं. उतारावर ही १.३७ मीटरची उंची चढाच्या बाजूनेच धरा.