नवी तबकडी काढू इच्छिणाऱ्यांस सप्रेम सूचना

घरबसल्या सिनेमा पाहण्यासाठी एखादी नवी तबकडी बाजारात आणावी, असा विचार आपल्या मनात घोळत असेल, तर सर्वप्रथम आपले अभिनंदन. मात्र एक धोका वेळीच लक्षात घ्यावा. तबकडी चांगली असेल, तर लोक ती चटकन विकत घेऊ लागण्याची शक्यता असते. डीव्हीडीचे असेच झाले. १९९६ च्या नोव्हेंबरात ती जपानात आली, पुढच्या वर्षी अमेरिकेत पोहोचली, आणि पाहता पाहता व्हीएचएसच्या फिती माळ्यावर गेल्या. फीत उलटी गुंडाळावी लागत नाही, हवा तो प्रसंग लगेच लागतो, तबकडी चपटी असल्यामुळे कपाटात जागा कमी लागते, असल्या किरकोळ सोयींवर लोक भाळले. उद्योगाने मात्र यातून असा निष्कर्ष काढला की, लोक चित्राच्या स्पष्टतेवर भाळले असून आणखी स्पष्ट चित्र दिले की ते आणखी एकदा पाकीट उघडतील. हा निष्कर्ष आपणही जपून ठेवावा. पुढची सारी इमारत त्यावरच उभी राहायची आहे, आणि ती कशी उभारावी, याचा वस्तुपाठ २००६ ते २००८ या काळात ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी या डीव्हीडीची जागा घेऊ पाहणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी तबकड्यांनी घालून दिलेला आहे.

तबकडी एकच काढण्याची चूक करू नये. दोन काढाव्यात, आणि एकीच्या यंत्रात दुसरी चालणार नाही, याची नीट खातरजमा करून घ्यावी. २००२ च्या फेब्रुवारीत सोनी, मात्सुशिता, फिलिप्स आदी नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली. तोशिबा आणि एनईसी यांनी दुसरी चूल मांडली, तीच पुढे एचडी डीव्हीडी झाली. दोन्ही तबकड्यांचा व्यास एकच होता, आणि त्या वाचणारा निळसर जांभळा लेझरही ४०५ नॅनोमीटरचाच होता. फरक कुठे होता म्हणाल, तर माहितीच्या थरावरील पारदर्शक आवरणात. ब्लू-रेमध्ये ते ०.१ मिलिमीटर जाडीचे होते आणि एचडी डीव्हीडीमध्ये डीव्हीडीप्रमाणेच ०.६ मिलिमीटर. आवरण पातळ केल्यामुळे ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावत, दुसरीच्या थरात १५. उलट दुसरी तबकडी डीव्हीडीच्या जुन्या कारखान्यांतच थोड्याफार बदलांनी तयार होऊ शके. दोन्ही बाजूंचे म्हणणे इतके रास्त होते की तडजोडीला जागाच उरली नाही. २००५ मध्ये एकीकरणाच्या वाटाघाटी झाल्या आणि सुदैवाने फिसकटल्या. अर्ध्या मिलिमीटरसाठी जगातल्या बड्या कंपन्या सहा वर्षे भांडत राहिल्या, आणि ते भांडण मिटेपर्यंत ग्राहकाने दुकानाबाहेर थांबून राहणे पसंत केले. याला पुढे ‘ग्राहकांची उदासीनता’ असे नाव देण्यात आले.

दोन तबकड्या झाल्या की चित्रपट वाटून घ्यावेत. सर्वसाधारण प्रेक्षकाला चित्रपटाचे नाव माहीत असते, नट माहीत असतो. तो कोणत्या स्टुडिओने काढला, हे त्याला ठाऊक नसते. नेमकी तीच माहिती त्याच्याकडून पाठ करून घ्यावी. युनिव्हर्सलचा चित्रपट हवा असेल तर एचडी डीव्हीडीचे यंत्र. सोनी, डिस्ने किंवा फॉक्सचा हवा असेल तर ब्लू-रेचे. वॉर्नर आणि पॅरामाउंटचे मात्र दोन्हींवर. एवढे त्याच्या डोक्यात जेमतेम बसते न बसते तोच नियम बदलावेत. २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रेला सोडचिठ्ठी देऊन एचडी डीव्हीडीचा हात धरला. या निष्ठेपोटी दोघांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलर मिळाल्याच्या बातम्या तेव्हा झळकल्या होत्या. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपट मात्र या सोयरिकीतून वगळलेले होते, म्हणजे आता ग्राहकाने स्टुडिओबरोबर दिग्दर्शकाचे नावही वाचून मगच खिशात हात घालायचा होता. एवढी शिस्त डीव्हीडीने त्याला कधी लावली नव्हती.

यंत्राच्या किमतीविषयी फार बोलायला नको. ज्या काळात साधा डीव्हीडी प्लेअर पन्नास डॉलरांच्या आत मिळत होता, त्या काळात, म्हणजे २००६ च्या एप्रिलमध्ये, तोशिबाने आपला स्वस्तातला प्लेअर ४९९ डॉलरांना आणला आणि जूनमध्ये सॅमसंगने आपला ब्लू-रे प्लेअर ९९९ डॉलरांना. तोशिबाच्या त्या डब्यात पेंटियम ४ हा संगणकाचा प्रोसेसर बसवलेला होता आणि लिनक्स ही संगणकप्रणाली चालत होती. थोडक्यात, तो दिवाणखान्यात ठेवलेला संगणकच होता, आणि संगणकासारखाच तो जागा व्हायला वेळ घेई. बटण दाबावे, पंख्याची घरघर ऐकावी, पडद्यावरच्या सूचनेकडे टक लावून बसावे, आणि तेवढ्यात चहाचे आधण ठेवून यावे. सॅमसंगच्या पहिल्या यंत्रांत चित्रातील खरखर घालवणारी सोय कारखान्यातूनच चालू राहून गेली होती, त्यामुळे जे स्पष्ट चित्र पाहण्यासाठी हजार डॉलर मोजले, ते थोडे पुसट दिसत असे. त्यातच त्या पहिल्या फळीतील बऱ्याच ब्लू-रे तबकड्या एकाच थराच्या आणि चित्र दाबून बसवण्याच्या जुन्या, डीव्हीडीच्याच एमपीईजी-२ पद्धतीने भरलेल्या होत्या. पहिला घास चाखणारा ग्राहक हा आपला सर्वांत उत्साही ग्राहक असतो. त्याचीच निराशा प्रथम करावी, म्हणजे बाकीच्यांना सावध करण्याचे काम तो विनामूल्य करतो.

आता दूरचित्रवाणी संचाच्या मागच्या बाजूकडे वळू. डीव्हीडीच्या चित्रात ७२० गुणिले ४८० बिंदू, नव्या तबकडीच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर सहापट. ही सहापट ग्राहकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचू नये, यासाठी फारसे कष्ट पडत नाहीत. प्लेअरच्या खोक्यात पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन टोकांची जुनी वायर घालावी. स्पष्ट चित्र पूर्णपणे वाहून नेणारी एचडीएमआय केबल घालू नये. गृहस्थ बापडा टॉर्च दातांत धरून, गालाला धूळ लावून घेत संचाच्या मागे हात घालतो, पिवळे टोक पिवळ्या भोकात बसवतो, समाधानाने सोफ्यावर येऊन बसतो आणि पत्नीला विचारतो, ‘दिसतोय ना फरक?’ पत्नी सुज्ञ असते, ती हो म्हणते. प्रत्यक्षात त्या पिवळ्या वायरीतून डीव्हीडीपेक्षा सरस चित्र येणे शक्यच नसते. बरे, त्याने योग्य केबल आणलीच, तरी बत्तीस इंची पडदा दहा फुटांवरून पाहिला की सहापटीचा फरक डोळे आपोआप पचवून टाकतात. शेजारच्याने दरम्यान जुन्याच डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्यासाठी ताणून देणारा स्वस्त प्लेअर घेतलेला असतो, आणि त्याचे बरे चाललेले असते.

एवढ्यावरही ज्यांनी खरेदी केली, त्यांच्यासाठी ‘प्रोफाइल’ नावाची, यंत्रांना इयत्ता लावणारी व्यवस्था ठेवावी. ब्लू-रेची पहिली यंत्रे १.० प्रोफाइलची होती, २००७ च्या नोव्हेंबरनंतरच्या नव्या यंत्रांना १.१ बंधनकारक झाले, आणि इंटरनेटला जोडणारे बीडी-लाइव्ह हवे असेल, तर २.०. जुने यंत्र बहुधा वरच्या इयत्तेत जात नसे. शिवाय नक्कल रोखणारी कुलपे वरचेवर बदलत असल्यामुळे, नवीकोरी तबकडी चालण्यासाठी कधीकधी यंत्राचे सॉफ्टवेअर आधी अद्ययावत करावे लागे. चोराला यातले काही करावे लागत नव्हते, कारण त्याच्या प्रतीत कुलूपच नसे. ही झळ प्रामाणिक ग्राहकालाच बसेल, अशी रचना करणे हे खरे कौशल्य होय.

आपल्याकडच्या वाचकांनी प्रदेश-संकेताचा, म्हणजे कुठली तबकडी कुठल्या देशातल्या यंत्रात चालावी हे ठरवणाऱ्या खुणेचा, विशेष अभ्यास करावा. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले. अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये, युरोप आणि आखाती देश ‘बी’मध्ये, आणि भारत हा चीन व रशिया यांच्याबरोबर ‘सी’मध्ये. त्यामुळे न्यू जर्सीच्या एडिसनमधून भावाने मोठ्या हौसेने आणलेली तबकडी पुण्यातल्या प्लेअरने नाकारावी आणि दुबईच्या मेहुण्याची त्याहून निराळ्या कारणाने नाकारावी, अशी सोय झाली. अनेक तबकड्यांवर हे बंधन नव्हतेही, पण कोणत्या तबकडीवर आहे, हे घरी येऊन कळण्यात जी गंमत आहे, ती दुकानात कळण्यात नाही. तिकडे २००७ मध्ये मोझर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या भारतीय कंपनीने भारतात व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली होती. लोकांना काय हवे आहे, हे इतक्या उघडपणे विचारणे मला तरी असभ्यच वाटते.

यथावकाश भांडणाचा निकाल लागतोच. २००८ च्या ४ जानेवारीला वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली, १९ फेब्रुवारीला तोशिबाने शस्त्रे खाली ठेवली. त्याआधीच्या नोव्हेंबरात वॉलमार्टने ९८ डॉलर ८७ सेंटला विकलेले एचडी डीव्हीडी प्लेअर ज्यांनी रांगा लावून नेले होते, त्यांना स्वस्ताई म्हणजे काय, हे चार महिन्यांच्या आत समजले. विजयोत्सव साजरा करताना एका बारीकसारीक घटनेकडे दुर्लक्ष करावे: २००७ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सने तबकडीशिवाय, थेट इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केलेली होती. ते चित्र ब्लू-रेच्या पासंगालाही पुरत नव्हते, पण त्याला केबल, प्रोफाइल आणि प्रदेश यांचे पथ्य नव्हते. ब्लू-रे संघटनेच्या संचालक मंडळावर असलेल्या ॲपलनेही आपल्या मॅक संगणकांत ब्लू-रे कधी बसवला नाही; परवान्यांच्या गुंतागुंतीला ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज २००८ मध्ये जाहीरपणे वैतागले होते. या सगळ्याचे खापर ग्राहकावर फोडावे. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपल्या व्यवसायात विपणन विभागाकडे असते.

एवढे होऊनही काही लोक ब्लू-रेला सरावलेच, म्हणून २०१६ मध्ये अल्ट्रा एचडी ब्लू-रे आणावी लागली. या खेपेस शिस्त जरा ढिली पडली: प्रदेश-संकेत काढून टाकला, जुन्या तबकड्याही नव्या यंत्रात चालू दिल्या. पण अनुभवी मंडळींनी ही कसर संगणकावर भरून काढली. संगणकात ही तबकडी लावायची, तर इंटेलच्या प्रोसेसरमधील एसजीएक्स नावाची सुरक्षा-सोय आवश्यक ठेवली, आणि पुढे अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांपासून इंटेलने ती सोयच काढून टाकली. तेव्हा प्लेअरचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सायबरलिंकने आपल्या ग्राहकांना सुचवले की सातव्या ते दहाव्या पिढीचाच प्रोसेसर ठेवा आणि विंडोजही ११ ऐवजी १०च असू द्या. नवी तबकडी पाहायची असेल, तर संगणक जुनाच बरा. आपल्या तबकडीच्या वेष्टनावर हे वाक्य ठळक टायपात छापून घ्यावे, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, केबल खोक्यात नाही, एवढे लिहायला विसरू नये.