दागिने राहू द्या, ती तीन वर्षं बघा

नमस्कार. आश्रय मागणाऱ्यांचा ऐवज जप्त करू देणाऱ्या डेन्मार्कच्या विधेयकावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिरकस आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून दोन ओळींत बोळवण करत नाही.

तुमचं म्हणणं असं की, जानेवारी २०१६मध्ये युरोपीय संसदेच्या समितीपुढे गेलेल्या डॅनिश मंत्र्यांना मी उगाच खलनायक ठरवलं. सरकारी मदत मागणाऱ्या डॅनिश माणसालाही आधी स्वतःची पुंजी मोडावी लागते, मग निर्वासितांना वेगळा न्याय का? आणि निवडून आलेल्या सरकारला जाब विचारणारं ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, कोण?

पुंजीचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. स्थलांतराचं खातं सांभाळणाऱ्या इंगर स्टॉयबर्ग आणि परराष्ट्रमंत्री क्रिस्टियन येन्सन यांनी २५ जानेवारीला तिथे हाच युक्तिवाद केला आणि तो खोटा नव्हता. १०,००० क्रोनरपर्यंतचा ऐवज स्वतःकडे ठेवायचा, वरचा राहण्याजेवणाच्या खर्चात जायचा. लग्नाची अंगठी वगळलेली. (मूळ मर्यादा ३,००० होती, ओरड झाल्यावर वाढवली.) फरक एवढाच की, डॅनिश माणूस आपली मालमत्ता अर्जात लिहून देतो आणि निर्वासिताच्या बॅगा पोलीस उचकटतात. तुम्हाला हा फरक किरकोळ वाटतो, मला नाही. पण त्यावर भांडत बसणार नाही, कारण प्रत्यक्षात हे कलम फारच थोड्या वेळा वापरलं गेलं.

माझा राग दुसऱ्या कलमावर आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखही नाही. तात्पुरतं संरक्षण मिळालेल्या माणसाला बायकामुलांना बोलावण्यासाठी एक वर्ष थांबावं लागायचं. याच विधेयकाने त्याची तीन वर्षं केली. दागिन्यांच्या गदारोळात हे झाकलं गेलं. मंत्री समितीपुढे गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोपनहेगनच्या संसदेत ८१ विरुद्ध २७ मतांनी विधेयक मंजूर झालं.

त्यात सापडलेला एक सीरियन डॉक्टर. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, बायको सीरियात. अर्ज फेटाळला, कारण तीन वर्षं भरली नव्हती. प्रकरण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. जुलै २०२१मध्ये १६ विरुद्ध १ असा निकाल लागला: डेन्मार्कने त्याच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग केला. न्यायालयाने प्रतीक्षाच बेकायदा ठरवली, असं मात्र नाही. दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीला त्याची हरकत नव्हती. प्रत्येकाची परिस्थिती न तपासता सरसकट तीन वर्षं लावणं त्याला खटकलं. पुढे डेन्मार्कने मुदत दोन वर्षांवर आणली.

राहता राहिला ब्रसेल्सचा आगाऊपणा. त्या समितीच्या हातात काहीच नव्हतं. आश्रयविषयक युरोपीय कायद्यांतून डेन्मार्कने १९९० च्या दशकातच स्वतःला वगळून घेतलंय, त्यामुळे खासदार फक्त प्रश्न विचारू शकत होते. स्ट्रासबर्गचं न्यायालय तर युरोपीय संघाचं नाहीच; त्याचा करार डेन्मार्कने स्वतः केलाय. आणि स्टॉयबर्गबाईंना तुरुंगवास सुनावला तो घरच्यांनीच. आश्रय मागणाऱ्या जोडप्यांतलं एक जण अल्पवयीन असेल तर सरसकट ताटातूट करायचा त्यांचा आदेश बेकायदा ठरला. डॅनिश संसदेने महाभियोग चालवला, डॅनिश न्यायाधीशांनी डिसेंबर २०२१मध्ये ६० दिवसांची शिक्षा दिली.

भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, हा तुमचा टोला बरोबर आहे. पण डेन्मार्कने तो सर्वांत आधी मंजूर केला होता. त्याला त्याच्याच मापाने मोजायला नको?