‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ’ हा फॉरवर्ड कुठे चुकतो

‘तपासण्या नॉर्मल आल्या की दुखणं मनाचं समजा. दाबलेल्या भावना अंगातून बाहेर पडतात. पोटभर रडा, दुखण्याकडे लक्ष देऊ नका, बरं वाटेल.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय.

‘नॉर्मल, म्हणजे मनाचं.’ नेहमीच्या एमआरआयमध्ये शरीराची रचना दिसते. ती कशी चालते हे दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल असूनही एका पायातला जोर गेलेल्या एखाद्या माणसाला उताणं झोपवून ‘ही टाच खाली दाबा’ म्हटलं तर ती दबत नाही. ‘दुसरा पाय उचला’ म्हटलं की तीच टाच डॉक्टरांच्या तळहातावर घट्ट रुतते. डॉक्टर हूवर यांनी १९०८ मध्ये नोंदवलेली ही खूण ढोंग पकडायला नाही. पायाची यंत्रणा शाबूत आहे, मुद्दाम हलवायला गेलं की अडतं, एवढंच त्यातून कळतं. मात्र वजन घटू लागलं, ताप येत राहिला किंवा नवी लक्षणं आली, तर पुन्हा तपासून घ्यायलाच हवं.

‘दाबलेल्या भावना.’ बऱ्याच जणांची अडचण दाबण्याची नसते, ओळखण्याची असते. धडधडतंय ते भीतीने, रागाने की जिना चढल्याने, हेच उमगत नाही. मनोविकारतज्ज्ञ सिफ्निऑस यांनी १९७०च्या दशकात याला ‘अलेक्झिथायमिया’ म्हटलं. ते सगळ्यांत नसतं. भावना ओळखायची सवय व्हावी म्हणून वही ठेवायची तर दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, चार रकाने: काय घडलं, अंगात कुठे काय जाणवलं, भावनेचा एक शब्द, तीव्रता ० ते १०. ‘टेन्शन’ लिहायचं नाही. त्यात लाज, चीड, धास्ती सगळंच खपून जातं. शब्द सुचला नाही तर रकाना कोरा राहू द्या. नुसते वेदनेचे आकडे लिहिलेत तर वही उलटते, लक्ष दिवसभर दुखण्यावरच खिळतं.

‘पोटभर रडा.’ रडायला कोण अडवतंय? पण रोज तेच उगाळणं म्हणजे मोकळं होणं नव्हे. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांच्या १९८६च्या, मनाला लागलेलं लिहून काढण्याच्या प्रयोगातही मर्यादा होती: १५ मिनिटं, सलग ४ दिवस. लिहून उठल्यावर काही वेळ उदास वाटतं, तेही अपेक्षितच.

‘लक्ष देऊ नका.’ मानसशास्त्रज्ञ ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांच्या १९९७च्या प्रयोगात दुःखद चित्रफीत पाहताना चेहरा कोरा ठेवणाऱ्यांचं दुःख कमी झालं नाही. हृदय-रक्तवाहिन्यांची उत्तेजना मात्र वाढली. शिवाय दुर्लक्ष करणारा माणूस बऱ्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकतो आणि पुढचे दोन दिवस आडवा होतो. त्यापेक्षा वाईट दिवशीही झेपेल तेवढंच रोज करा, आठवडाभर टिकलं तर किंचित वाढवा. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी लक्षणं बळावत असतील तर हे वाढवणंही नको. दीर्घ थकव्याच्या आजारासाठी ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये मागे घेतला आहे.