वऱ्हाडच्या कापसाचे पैसे कुणी दिले?

ऑगस्ट आला की कुणीतरी लिहितंच, 'इंग्रजांनी रेल्वे दिली, पोस्ट दिलं, कायदा दिला.' त्यावर दुसरा कुणीतरी कोहिनूर काढतो आणि मग दिवसभर हमरीतुमरी चालते. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण मूळ व्यवहाराबद्दल कुणीच बोलत नाही. कोहिनूर नेला ही गोष्ट खरीच, पण तो एकदाच नेला. वर्षानुवर्षं जे जात राहिलं, ते लंडनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका कागदातून. त्या कागदाचं नाव कौन्सिल बिल.

साल १९०५ च्या आसपासचं धरा. वऱ्हाडातला कापूस अमरावती-खामगावच्या बाजारात आला. सरकी काढून गाठी बांधल्या गेल्या, गाठी रेल्वेनं मुंबईला आल्या आणि बोटीत चढल्या. गिऱ्हाईक समजा जर्मनीतलं आहे. मुंबईतल्या व्यापाऱ्याला रुपये हवेत आणि या गिऱ्हाइकाकडे रुपये नाहीत. मग गिऱ्हाइकाची बँक लंडनला जाते. तिथे बँक ऑफ इंग्लंडमध्ये दर बुधवारी भारतमंत्र्याच्या, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याच्या वतीनं कौन्सिल बिलं विकायला काढत. बँकेनं पौंड मोजायचे, बिल घ्यायचं आणि ते बोटीच्या टपालानं मुंबईला धाडायचं. घाई असली तर थोडा जास्त भाव देऊन तारेनं रक्कम वळवता येई. मुंबईत ते बिल दाखवलं की सरकारी तिजोरीतून रुपये मिळत. त्या रुपयांतून व्यापाऱ्यानं अडत्याला द्यायचे आणि अडत्यानं आपली अडत कापून शेतकऱ्याला.

आता मला सांगा, मुंबईच्या तिजोरीत ते रुपये आले कुठून? शेतसाऱ्यातून, मिठावरच्या करातून, अबकारीतून. म्हणजे वऱ्हाडातल्या कुणब्याच्या हातात कापसाचे म्हणून जे पैसे पडले, ते त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी भरलेल्या करातलेच होते. जर्मन गिऱ्हाइकानं मोजलेले पौंड लंडनमध्येच भारतमंत्र्याच्या खात्यात राहिले. निर्यातीच्या बदल्यात बाहेरून माल येई, सोनं-चांदीही येई, हे मला मान्य आहे. पण जेवढी रक्कम या बिलांच्या वाटेनं गेली, तेवढ्या मालाचा मोबदला या देशात कधी आलाच नाही. आणि शेतकऱ्याला ते कळायला मार्गही नव्हता, कारण त्याला मोजून पैसे मिळालेले होते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात भयंकर वाटते.

लंडनमध्ये त्या पौंडांचं काय व्हायचं? त्यातून 'होम चार्जेस', म्हणजे भारताच्या नावावर विलायतेत होणारा सरकारी खर्च, भागवला जायचा. १९०० च्या सुमाराला ही रक्कम वर्षाला साधारण पावणेदोन कोटी पौंड होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं सव्वीस कोटी रुपयांच्या घरात. त्यात गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, फौजेचा खर्च, कर्जाचं व्याज, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा, म्हणजे भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च, सगळं आलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश १८७४ पर्यंत आपल्याच महसुलातून जात होता. १८५७ चा उठाव मोडायचा खर्च आपल्या नावावर टाकला. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, त्याच्यासाठी इंडिया ऑफिसात नाचाची मेजवानी झाली, तिचंही बिल आपल्या माथी. आदल्याच वर्षी ओडिशाच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली होती. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो.

'पण रेल्वेच्या कर्जाचं व्याज तर द्यावंच लागणार ना?' असं काही जण म्हणतील. प्रश्न रास्त आहे. घेतलेल्या कर्जाचं व्याज म्हणजे लूट नव्हे. पण ते कर्ज कुणी ठरवलं आणि कोणत्या अटींवर? १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ज्या कंपनीची, तिला सरकारनं पाच टक्क्यांची हमी दिली होती. नफा कमी पडला तर फरक आपल्या महसुलातून भरून द्यायचा. अशी हमी असल्यावर कंपन्यांनी खर्चाला हात आखडता घ्यायचं कारणच काय? सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनीच १८७२ मध्ये पार्लमेंटच्या समितीला सांगितलं की पाच टक्के पक्के असल्यावर दिलेला पैसा हुगळीत फेकला काय किंवा त्याच्या विटा रचल्या काय, इंग्रज भांडवलदाराला सारखंच. तेव्हा 'रेल्वे दिली' म्हणताना एवढं तरी लक्षात ठेवा की जोखीम आपली होती आणि निर्णय त्यांचा होता.

आपल्या लोकांना हे कळत नव्हतं असं कुणी समजू नये. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये, अगदी तरुण वयात, 'बॉम्बे गॅझेट'मध्ये पत्रं लिहून इंग्रजांच्या शोषणाचा हिशेब मांडला. दादाभाई नौरोजींनी यात आयुष्य घातलं. पुढे भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर सभासद म्हणून दादाभाई बसले आणि १८९७ मध्ये त्याच कमिशनपुढे तिशीतल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी लंडनला जाऊन साक्ष दिली, आकडे घेऊन. या माणसांबद्दल मला अपार आदर आहे. त्यांच्याकडे सत्ता नव्हती, मतं नव्हती. सरकारचेच अहवाल वाचून त्यांनी सरकारला जाब विचारला.

मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं, तेही बघा. सरकारला पैसे कमी पडले म्हणून बाहेरून येणाऱ्या कापडावर जकात बसवली, तर इंग्लंडातल्या लँकेशायरचे गिरणीवाले ओरडले. त्यांची समजूत काढायला १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि इथल्या गिरणीच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के कर लावला. स्वतःच्या देशात विणलेल्या कापडावर परक्या गिरणीच्या सोयीसाठी कर! तो जायला १९२६ उजाडलं.

मग दुसरं महायुद्ध आलं आणि खातं उलटलं. ब्रिटननं युद्धासाठी इथून माल उचलला, त्याचे पौंड लंडनमध्ये आपल्या नावे नुसते लिहून ठेवले, आणि त्या नोंदीच्या आधारावर इथे नोटा छापल्या. महागाई भडकली. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो लोक उपाशी मेले, त्यामागच्या कारणांत ही महागाईही होती. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होतं. आपल्या हक्काचेच पैसे, पण ते एकदम काढायला परवानगी नव्हती, थोडेथोडे सुटायचे. आणि १९४८ च्या करारात, स्वतंत्र झाल्यावर, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनची तरतूदही आपण त्याच शिलकीतून करून दिली.

शाळेत हे सगळं 'आर्थिक निःसारण', म्हणजे देशाची संपत्ती बाहेर वाहून जाणं, एवढं सांगून दोन ओळींत उरकतात आणि स्पर्धा परीक्षेची पोरं ते दादाभाईंच्या नावासकट पाठ करतात. जे शिक्षक मित्र हे वाचत असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. एक तास काढा. फळ्यावर वऱ्हाडचा कापूस, लंडनचं बिल आणि मुंबईची तिजोरी काढून हा व्यवहार मुलांना समजावून सांगा. आठवीच्या मुलालाही तो कळतो.